वरून ओतलेलं पाणी

ये गं बाई, अशी जवळ सरक. लांब बसून ऐकायची गोष्ट न्हाई ही. आणि तोंड वाकडं करू नको. पाठची बहीण तू माझी, पण इतकी वर्षं राग धरून बसायला तुला लाज कशी वाटत न्हाई? समोर येत न्हाईस, म्हणून कागदावर बोलून राहिले.

कोरोनाच्या साली माझा दीर गेला. कोरोनानं न्हाई, छातीच्या जुन्या दुखण्यानं. मागं त्याची बायको राहिली, माझी जाऊ, दम्याची. डॉक्टरनं बजावलं होतं, हिला बाहेरच्या कुणाचा आजार लागला तर वाचणं अवघड. म्हणून मी दारात बाज आडवी टाकली, साबण-बादली ठेवली आणि तिथंच ठाण मांडलं.

आपल्यात माणूस गेलं की बायका गळ्यात पडून रडतात. रडा की, कोण न्हाई म्हणतंय? पण गळा त्या जावेचा होता. बरं, कुणाला ठाऊक नव्हतं असंही न्हाई. फोन लावला की आधी खोकला वाजायचा, मग फोनातली बाई सूचना सांगायची. शेंबड्या पोरालाही पाठ. तरी तोंडाला बांधायची दस्ती सगळ्यांच्या गळ्यात. वारंगा फाट्यावर पोलीस दिसला की नाकावर, फाटा सरला की पुन्हा गळ्यात. जसा रोग फाट्यावरच ड्यूटीला उभा होता.

विहारातली एक बाई म्हणाली, "आमी उन्हातान्हात राबणारी माणसं, आमाला काय होतंय?"

दुसरी म्हणे, "तुझी जाऊ काय काचेची हाय का?"

"व्हय," म्हटलं, "काचेचीच. हात लावू नका."

सांगून सांगून माझा घसा बसला, अन् तेवढ्यात जवळा बाजार गावाहून तू आलीस. तोंडाला पदर न्हाई, हात पसरलेले. मी तांब्या उचलला. नर्सबाईनं शिकवल्यापरमाणं, तांब्याला तुझा हात लागू नये म्हणून वरून धार धरली. तू ओंजळ पुढं केलीस आणि एकाएकी मागं घेतलीस.

"आपल्या मायला लोक असंच पाणी द्यायचे," तू म्हणालीस. "वरून, लांबून. तेच तू आपल्या दारात करून राहिलीस, अक्का?"

आत जाऊ खोकत होती. तू पाण्याचा घोट न घेता आल्या जीपनं परत गेलीस.

माय विहिरीपासून लांब उभी राहायची, ती कुणाचा जीव वाचावा म्हणून न्हाई. मी तुला लांब ठेवलं ते एका जीवासाठी. एवढा फरक तुला कळू नये? आणि फरक असूनबी, तुझे मागं सरलेले हात आठवले की मी भरलेला तांब्या तसाच खाली ठेवते. दुसरं काय करायचं होतं, ते मला आजही कुणी सांगत न्हाई. सगळं पाठ असणाऱ्यांनी दस्ती नाकावर ठेवली असती, तर मला दार अडवून बसावं लागलं असतं का?

जाऊ जगली. त्याच बाजेवर बसून मला टोचते, "माझ्यापायी बहीण तोडलीस." बोलताना दम लागतो, पण टोचणं सोडत न्हाई.

तर सोयाबीन निघालं की ये. बाळापूरला उतरलीस की फोन कर, पोरगं गाडी घेऊन येईल. रांजण दारातच हाय. तांब्या आपल्या हातानं बुडव, तू पी, मग मला पाज. आणि त्या जावेच्या गळ्यात पड एकदाची, ती वाट बघून राहिली. लवकर ये, बाई.