आबांचा तिसरा देव

तळेगावच्या दवाखान्यात माझ्या लेकीशेजारच्या खाटेवर आंदर मावळातल्या एका आबांचा नातू होता. दोन्ही लेकरांच्या हृदयाला भोक. ऑपरेशन करण्यात धोका, न करण्यातही धोका. मी मोबाईलला विचारत होते, आबा देवाला. देवाच्या मूर्तीला दोन फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार.

गावच्या देवानं डावं पाडलं. आबा शेजारच्या गावच्या देवाकडं गेले. तिथंही डावंच.

"आता काय?" मी विचारलं.

"तिसरा देव बगायचा. तू बी डाक्टर बदललास की."

मी मोबाईल पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी आबा प्रसाद घेऊन आले.

"उजवं पडलं वाटतं?"

"फूल लावलंच न्हाई. म्हनलं, देवा, आपरेशन आमी करतोय. तू निस्ता हितं येऊन बस. तुज्या पोरीचं बी सांगितलंय."

मग बाकावरची माझी पिशवी त्यांनी खाली ठेवली. "सरक जरा. तो बसंल कुटं?"

मी सरकले. थोड्या वेळानं उठून डॉक्टरांना हो सांगून आले. बाकाशी कुणाचे तरी पाहुणे उभे होते, आणि आबा त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून त्यांना सांगत होते, "हितं मानूस हाय."