मी धडकले नव्हते

पहिली थप्पड गालावर बसली. दुसरीने डोकं फळ्यावर आपटलं. हातातला खडू मोडला. ओठ फाटला. भरलेल्या वर्गात एकही बाक हललं नाही.

"आंधळे, तुले काय दिसनं? मन्हा पुतन्याले नापास करी ऱ्हायनी!"

आवाज आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा.

नंदुरबारच्या या कॉलेजात मी शिकवते. जन्मापासून आंधळी आहे. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यांच्यापर्यंत माहिती कशी पोचवायची हा माझा विषय. वर्गाला काम साधं दिलं होतं: प्रवेशाची सूचना अशी तयार करा की माझा फोन ती मला वाचून दाखवेल. याच वर्गात बसणाऱ्या अध्यक्षांच्या पुतण्याने सूचनेचा फोटो काढून पाठवला. फोन एवढंच म्हणाला, चित्र. परत करायला सांगितलं. परत तोच फोटो. नापास केलं.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये नेलं. पाणी दिलं, ओठाला रुमाल दिला. साहेब तापट आहेत, मनाने वाईट नाहीत, असं बरंच बोलले. मग दार लावून हळूच म्हणाले, "मॅडम, टेबलाला धडकलात म्हणा. तुमच्या बाबतीत कोणी शंका घेणार नाही."

लहानपणी आमच्या गावी, रनाळ्याला, माझा काका मला पट्ट्याने मारायचा. दवाखान्यात सांगायचा, "आंधळी शे, धडकनी." पाठीवर पट्ट्याचे वळ, आणि डॉक्टर मान्य करायचे. काका दंड दाबून धरायचा, मीही हो म्हणायचे. माझ्या अंगावरची प्रत्येक जखम कुठल्या तरी भिंतीच्या नावावर आहे.

रक्ताचा रुमाल प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. वर्गात परत गेले.

"आजचं काम. मघाशी इथे काय झालं, ते न पाहिलेल्याला कळेल असं लिहा. कोणी, कोणाला, काय केलं. फोटो चालणार नाही. मला पाठवा."

"लिखीसन तर दखा," पुतण्याने वर्गाला दम दिला.

मग फोन वाजला. मी आवाज मोठा केला. फोनचा तो कोरडा, सपाट आवाज सगळ्या वर्गाने ऐकला: "अध्यक्षांनी मॅडमच्या तोंडावर दोनदा मारलं. मॅडमचं डोकं फळ्यावर आपटलं. आम्ही बघत बसलो."

पाठवणारी म्हसावद गावची एक मुलगी. पुतण्याने तिला घाणेरडी शिवी दिली. ती उठून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. दुसरं कोणी उठलं नाही.

आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने विचारलं, दिसत नाही तर मारणारा कोण ते कसं सांगता? मी आवाजावरून नाव सांगितलं. मुलीने पाहिलेलं सांगितलं. त्याने तक्रार लिहिली आणि सहीसाठी माझा हात धरला. मी हात सोडवून घेतला. मुलीला आधी सगळं मोठ्याने वाचायला लावलं.

त्यात होतं, "वादात धक्का लागला."

"खोडा," मी म्हणाले. "मारलं, असं लिहा."

त्याने पेन आपटलं. मी खुर्चीतून उठले नाही. शेवटी त्याने खोडून 'मारलं' लिहिलं. मग मी सही केली.

उद्या पहिला तास माझाच आहे. फाटलेला ओठ घेऊन जाणार. पुतण्या अजून नापास आहे. त्याच्या काकाने पुन्हा हात उचलला, तर या वेळी माझ्या हातात खडू नसेल, काठी असेल.