कवळीमास्तरांची पावडर

माझ्या सासऱ्यांना सगळा बाजार कवळीमास्तर म्हणतो. चौतीस वर्षं ते लोकांचे दात करत आले आहेत. दवाखान्यातून कुणाच्या तरी जबड्याचा प्लास्टरचा साचा त्यांच्या दुकानात येतो, सोबत एक चिठ्ठी येते आणि चार-पाच दिवसांनी मास्तर गुलाबी हिरडीत बसवलेल्या शुभ्र दातांची कवळी परत पाठवतात. माणूस मात्र त्यांच्याकडे कधी येत नाही. न दुखणारे, न ओरडणारे जबडे हाताळण्यात जन्म गेला, त्यामुळे तोंड म्हणजे असंच काहीतरी असतं अशी त्यांची समजूत झाली असेल, तर त्यात त्यांचा काय दोष, असं मी स्वतःला बजावत असते. फारसा उपयोग होत नाही.

मास्तरांचा अभिमान एकच. एकसष्टाव्या वर्षी तोंडात स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात! लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी ना माझं शिक्षण विचारलं, ना नोकरी. 'दात कशानं घासतेस?' एवढंच विचारलं आणि उत्तर यायच्या आत 'हे बघ' म्हणून आ वासून दाखवला. मी काय करणार, वाकून बघितलं. दात खरंच आरशासारखे चमकत होते. हिरड्या दातांपासून जरा लांब लांब उभ्या असल्यासारख्या वाटल्या, पण होणाऱ्या सासऱ्यांच्या हिरड्यांवर पहिल्याच भेटीत कोण बोलेल?

त्या चमकेचं रहस्य लग्नानंतर मोरीत सापडलं. कवळी तयार झाली की ती फिरत्या कापडी चाकावर धरून गुळगुळीत करतात, त्यासाठी एक करडी पावडर असते. खरखरीत, बोटाला लावली तर बोट सोलून निघेल अशी. मास्तर ती डब्यात भरून घरी आणत. ताठ केसांचा ब्रश, त्यावर ही पावडर, आणि मग सुतार रंधा मारतो तसा आडवा हात, सकाळ-संध्याकाळ. बेसिनमध्ये फेस पडायचा तो गुलाबी. मी एकदा भीत भीत म्हटलं, ‘बाबा, रक्त येतंय.’

‘येऊ दे की! घाण रक्त आहे ते. निघून गेलेलं बरं.’

माझ्या मऊ ब्रशला ते मोरपीस म्हणत. ‘आमची सून दातांना गुदगुल्या करते,’ असं शेजाऱ्यांना सांगून हसत. मी रात्री दातांच्या फटीतून दोरा फिरवते, हे कळलं त्या दिवशी तर त्यांनी विचारलं, ‘दात शिवून टाकणार आहेस का?’ नवरा त्यांच्या बाजूनं हसला. तो शिकायला वसतिगृहात राहिला आणि म्हणूनच दातांनिशी वाचला, हे त्याला अजूनही पटत नाही.

सासूबाई मात्र त्या घरातच होत्या. त्यांनी वीस-बावीस वर्षं नवऱ्याच्या डब्यातली पावडर नवरा सांगेल तशी घासली. रक्त आलं की जोर वाढवला. पन्नाशीच्या आत त्यांचे सगळे दात गेले. मास्तरांनी त्यांना स्वतः कवळी करून दिली आणि चारचौघांत निकालही देऊन टाकला: ‘हिच्या माहेरचे दातच कच्चे. माझ्याकडे बघा, तीच पावडर, तोच ब्रश!’ सासूबाई यावर काही बोलत नसत. मला त्यांचा राग यायचा, आणि मास्तरांचा त्याहून जास्त.

गेल्या वर्षी मास्तरांच्या खाण्यात फरक पडला. सफरचंद करकचून चावणारा माणूस त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या करायला लागला. हसताना तोंडावर हात यायला लागला. शेजारी बसलं की तोंडाला वास येई, हे मी सांगायला नको, पण येई. मी विचारलं तर म्हणाले, ‘पित्त झालंय.’ पित्त आठ महिने टिकलं.

खरं काय ते एका रविवारी बाहेर आलं. नवऱ्याचे साहेब चहाला आले होते. मास्तरांनी सवयीप्रमाणे बत्तीस दातांचा विषय काढला, हातातल्या कपातून कढत चहाचा घोट घेतला आणि बोलता बोलता त्यांच्या खालच्या ओठावरून गुलाबी मेणाचा ओघळ आला. त्यामागोमाग पुढचा एक दात आडवा झाला. कवळीचा कच्चा आराखडा ज्या मेणात करतात, त्याच मेणानं मास्तरांनी आपले हलणारे दोन दात दुकानातल्या आरशासमोर बसून चिकटवले होते. महिनाभर ते फक्त कोमट चहा पीत होते, त्या दिवशी साहेबांच्या नादात विसरले. साहेब उठून गेल्यावर मी म्हटलं, ‘बाबा, उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे. मी रजा काढते.’

‘अगं, त्या मला ओळखतात. माझं हसं होईल.’

‘ते आज झालं.’

या डॉक्टरीणबाई वीस वर्षं मास्तरांकडून कवळ्या करून घेत होत्या, पण त्यांच्या खुर्चीत मास्तर पहिल्यांदाच बसले. खुर्चीचे हात त्यांनी असे धरले होते की मला पहिल्यांदा त्यांची दया आली. बाईंनी बारीक सळईनं हिरड्या तपासल्या, हिरडी कुठे किती खोल सुटलीय त्याचा एकेक आकडा बोलून मदतनीस मुलीला लिहून घ्यायला सांगितला आणि मग विचारलं, ‘मास्तर, घासता कशानं?’

मास्तरांनी सांगितलं. बाईंनी हातातली सळई खाली ठेवली.

‘ती कवळीला लावायची पावडर आहे हो!’

‘म्हणून तर! कवळीचं काही बिघडत नाही, तर खऱ्या दाताचं काय बिघडणार?’

‘कवळी घासताना तुम्ही तिचा थर काढताच ना? तसाच दाताचाही निघाला. मुळाशी खाचा पडल्यात. हिरडी मागे गेली. आणि जिथे घासायला हवं होतं, त्या फटींत ब्रश पोचलाच नाही, तिथल्या घाणीचा दगड झालाय. तो आतलं हाड खातोय. रक्त येत होतं ते त्याचं. रक्त आलं की जोर वाढवायचा नसतो आणि घासणं सोडायचंही नसतं, माझ्याकडे यायचं असतं.’

दोन दात त्याच दिवशी काढावे लागले. बाकीचे वाचतील, बाई म्हणाल्या, पण मास्तरांनी हात बदलला तर. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, ब्रश हिरडीकडे जरा तिरका, पेन धरतात तसा तीन बोटांत, सकाळी आणि झोपण्याआधी दोन-दोन मिनिटं. रात्री दोरा. सहा महिन्यांनी तपासणी. मास्तर मान डोलवत होते. तेवढ्यात बाईंनी फाइल मिटता मिटता सहज विचारलं, ‘ही पावडर घरात आणखी कुणी वापरतं का?’

मास्तरांची मान डोलायची थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी मीच म्हणाले, ‘आता कुणी नाही.’

घरी येईपर्यंत ते रिक्षात कापसाचा बोळा दाबून बसले होते. घरात शिरले ते थेट स्वयंपाकघरात. सासूबाई मटार सोलत होत्या. मी त्यांना सांगितलं की दोन दात काढले आणि अर्धा तास तोंड मिटून ठेवायचंय. मास्तर त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि बोळ्यासकट, जमेल तसं, बोलले.

‘तुझ्या माहेरचं काही नव्हतं गं.’

‘माहीत आहे,’ सासूबाईंनी सोलणं थांबवलं नाही. ‘माझी आई गेली तेव्हा ब्याऐंशीची होती. सगळे दात जागच्या जागी. मी उशाशी बसून मोजले.’

‘मग तेव्हाच का नाही बोललीस?’

‘बोलायचं म्हणूनच माहेराहून तावातावानं परत आले होते. तर तुम्ही माझी कवळी करायला घेतलेली. एकेक दात मेणात बसवत होतात आणि गुणगुणत होतात. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी म्हणून आपल्या हातानं काही केलंत, ते तेच पहिलं. मग म्हटलं, राहू दे.’

मास्तर काहीतरी बोलायला गेले. त्यांचा बधिर ओठ लोंबला, बोळा बाहेर पडून मटारांत गेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सासूबाईंनी बोळा चिमटीत उचलून बाजूला टाकला, नवा कापूस त्यांच्या हिरडीवर ठेवला, अगदी हलक्या हातानं.

‘मिटा तोंड,’ त्या म्हणाल्या. ‘अर्धा तास.’