गजर होईपर्यंत चहा नाही

विश्वाच्या अंतरंगाचा ध्वनी कानी पडण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. मला ते युरोपात दुसरे युद्ध पेटण्याच्या आधीच्या एका हिवाळ्यात, लोणावळ्यातल्या भाड्याच्या बंगल्यात, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत लाभले. तो ध्वनी कढईत फुटाणे उडावेत तसा होता. टक्, मग बराच वेळ काही नाही, मग टक् टक् टक्.

ही टकटक एका पितळी नळीची. अणूतून सुटलेला कण नळीत शिरला, की कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये ती उमटे. नळी माझे मित्र विष्णुपंत यांनी स्वतः घडवली होती. कान्हे गावाजवळच्या एका झऱ्याचे पाणी आटवून उरलेला क्षार ताटलीत घालून ते नळीखाली ठेवीत. त्या काळी किरणोत्सर्गी पाणी औषधी मानले जाई. या झऱ्याच्या पाण्यात किरणोत्सर्ग आहे असे सिद्ध झाले, तर तिथे आरोग्यभवन उभारू पाहणारे एक शेठजी त्यांना कायमची प्रयोगशाळा बांधून देणार होते. नाहीतर विष्णुपंतांना पुन्हा शाळेत जाऊन तरफेचे प्रकार शिकवायचे होते.

आता गंमत अशी, की रिकामी ताटली ठेवली तरी टकटक थांबत नाही. आकाशातून, भिंतींतून कण येतच राहतात, आणि तेही आपल्या लहरीने. तीच ताटली, तेवढाच वेळ, तरी दर खेपेला आकडा निराळा! मग क्षारामुळे वाढ झाली असे म्हणायचे केव्हा? गणित सांगते, की मोजलेल्या आकड्याच्या साधारण वर्गमुळाइतका झोका, म्हणजे आपोआपचा चढउतार, त्याला अंगचाच असतो; वाढ या झोक्याहून पुष्कळ मोठी असेल तरच तोंड उघडावे. निसर्ग आपल्याशी निश्चयाने बोलत नाही, म्हणून निश्चय आपण करायचा. पुन्हा मोजायचे, आणि फिरून पुन्हा.

विष्णुपंतांची वाढ चांगली मोठी दिसत होती. मी शेजारी बसू लागलो तेव्हा तिचे कारण ध्यानात आले. क्षाराची मोजणी चढती असली, की ते पेन्सिल ठेवून चहा मागवीत. उतरती असली, की म्हणत, थोडे आणखी ऐकू, नळी अजून स्थिरावलेली नाही. रिकाम्या ताटलीच्या वेळी नेमके उलट. त्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. थांबायचे केव्हा, एवढेच ते आशेला विचारीत होते. माणसांची किती ठाम मते अशीच, सोयीच्या क्षणी चहा मागवून सिद्ध झालेली असतील!

हे मी त्यांना बोलून दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच जुने सगळे आकडे बाद केले, गजराचे घड्याळ आणले आणि स्वयंपाक करणाऱ्या भागामावशींना बजावले, की गजर होईपर्यंत कुणी कितीही मागितला तरी चहा द्यायचा नाही.

एका दुपारी क्षाराची टकटक अशी दाटून आली, की विष्णुपंतांच्या हातून पेन्सिल आपोआप खाली ठेवली गेली. त्यांनी दाराकडे पाहून चहा मागितला. मावशी चुलीपुढून हलल्या नाहीत.

"गजर झाला न्हाई, भाऊ. तुमीच म्हनलाय न्हवं?"

"अहो मावशी, अर्धा कप."

"अर्धा बी न्हाई. मोजा गुमान."

विष्णुपंत हसले आणि त्यांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. उरलेल्या वेळात टकटक विरळ होत गेली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे मी टाळले. पण पेन्सिल आलेल्या प्रत्येक कणाची रेघ ओढीत राहिली, आणि न आलेल्या कणाची एकही नाही.

हिवाळा सरेपर्यंत अशी मोजणी चालली, आणि अखेर ती वाढ झोक्यात बुडून गेली. 'शक्यता नाकारता येत नाही' एवढे तरी लिहा, अशी शेठजींच्या दिवाणजींनी फार गळ घातली. विष्णुपंतांनी फरक लिहिला, त्यापुढे अधिक-उणे चिन्ह काढून झोका लिहिला, झोका फरकाहून मोठा आहे हे शब्दांतही लिहिले, आणि सही केली. जूनमध्ये ते शाळेत रुजू झाले. नळी सोबत नेली.

आरोग्यभवन बांधले गेलेच. त्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लागली : 'शास्त्रीय पद्धतीने तपासलेले पाणी.'

पाटीवरचा शब्दन् शब्द खरा आहे.