तानाबाईच्या छतावरचे भाऊ

बाई भित्री नव्हती हो. कापूस वेचताना साप निघाला की बाकीच्या बाया बोंबलत शेताच्या धुऱ्याकडं पळायच्या, आणि तानाबाई ओटीतला कापूस न सांडता बाजूला होऊन त्याला वाट द्यायची. पण कापसाचे भाव पडले, आर्णीकडच्या शेतांत वेचणीला बाया लावणंच कमी झालं, तेव्हा ती नवऱ्यासोबत, बाबारावसोबत, यवतमाळच्या कडेला आली. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या सरकारी जागेवर त्यांनी घर ठोकलं. अर्ध्या घरावर टिनं, अर्ध्यावर नुसत्या लाकडी बल्ल्या. तिथं ती कागदाला भ्यायला शिकली.

वस्तीचं राजकारण सोपं होतं. ज्याची गाडी आली तिच्यात बसायचं, ज्यानं विचारलं त्याला हो म्हणायचं, आणि मत कोणाला टाकलं ते नवऱ्यालाही सांगायचं नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीत तानाबाई कपबशीवाल्या भाऊंच्या सभेला गेली, शिट्टीवाल्याच्याही गेली, आणि बटण दाबलं शिट्टीचं. का, तर त्यानं निदान वस्तीच्या नळाचं नाव तरी काढलं होतं. शिट्टी निवडून आली. तानाबाईला मनातल्या मनात लय बरं वाटलं.

चूक झाली ती त्यानंतर. जिंकलेल्याचा फ्लेक्स अभिनंदनासाठी खांबावरच राहतो. फुकटात घरी येतो तो हरलेल्याचाच. चौकातला कपबशीवाल्या भाऊंचा भलामोठा फ्लेक्स तानाबाईनं इतर बायांच्या आधी सोडवून आणला आणि बल्ल्यांवर ताणून बांधला. भाऊ हात जोडून आभाळाकडं पाहत पडले. पावसाळ्याची सोय झाली म्हणून बाई खूश!

आषाढात बातमी आली. सरकारी जागेवरच्या घरांची यादी होणार. यादीत नाव असेल ते घर राहील, बाकीच्यांवर जेसीबी. आणि यादी करत फिरणार नवीन नगरसेवकाची माणसं. मागच्या गल्लीत बेबीताईच्या दारावर कपबशीचं स्टिकर राहून गेलं होतं, तर तिचं घर ‘बंद’ म्हणून लिहिलं. बाई दारात उभी असताना!

तानाबाईनं वर छताकडं पाहिलं. बेबीताईच्या दारावर एवढंसं स्टिकर, आपल्या डोक्यावर तर अख्खा माणूस. मत शिट्टीलाच दिलं हे आता कोणाला दाखवणार, आणि कसं? ती धावतच शेजारच्या हुस्नाबीकडं गेली. हुस्नाबी शिवणकाम करायची, आणि सातवीपर्यंत शिकलेली.

“काढून फेकतो वं मी त्याले!” तानाबाई म्हणाली.

“अन् पाणी कुठं जाईन? पलटी मार ना, पगली. छपाई एकाच बाजूनं रायते.”

दोघींनी मिळून फ्लेक्स उलटा केला. वरून पांढराफटक, कोणाचाच नाही. तानाबाई आत आली आणि तिनं वर पाहिलं. भाऊ आता हात जोडून थेट चुलीकडं पाहत होते.

“कोण हाय घरात?”

दारात देवीलाल. नगरसेवकाचा माणूस, काखेत रजिस्टर. तानाबाईनं चौकट अडवून धरली.

“इथंच लिवा ना भाऊ. आत लय पसारा हाय.”

त्यानं कदाचित तिथंच लिहिलंही असतं, पण पाऊस कोसळला. रजिस्टर भिजू नये म्हणून तिला बाजूला सारून तो आत शिरला आणि त्यानं वर पाहिलं. तानाबाईनं डोळे मिटून घेतले. गेलं घर. बाबाराव जिनिंगवरच्या कामावरून येईल तेव्हा काय सांगू त्याला?

 डोळे उघडून पाहते तर देवीलाल भाऊंकडं नाही, भाऊंच्या खालच्या ओळीकडं पाहत होता. तिथं कार्यकर्त्यांचे छोटे फोटो. तिसरा फोटो गॉगल लावलेल्या देवीलालचा!

“हा कोठून आणला?” त्यानं मागं वळून दाराकडं पाहिलं. “नगरसेवकाले मी सांगतलं हाय, मी पयलेपासून शिट्टीचाच. हे कोणी पायलं त मेलोच ना मी. फाड तेवढं.”

“पयले माह्यं नाव लिवा,” तानाबाई म्हणाली, आणि आपल्याच आवाजानं दचकली. एवढं बोलायची हिंमत आपल्यात कुठून आली हे तिलाही कळेना.

त्यानं लिहिलं. तिला कुठं वाचता येतं? तिनं हुस्नाबीला हाक मारली. हुस्नाबी कात्री घेऊनच आली आणि बोट ठेवून वाचलं, “तानाबाई बाबाराव. घर नंबर सतरा. राहतात.” मग स्टुलावर चढून तिनं फोटो कापून दिला. देवीलालनं आपलं तोंड खिशात घातलं, भर पावसात बाहेर पडला, आणि दाराबाहेरून वळून त्यानं तानाबाईकडं टक लावून पाहिलं. “तोंड उघडलं त पाय, तानाबाई.”

तो गेला आणि हुस्नाबी पोट धरून हसायला लागली. “पायलं का वं? आता तो तुले भेते!”

तानाबाई हसली नाही. छताला पडलेल्या भोकातून धार चुलीवर पडत होती. तिनं भाताचा रिकामा गंज ओढून त्याखाली ठेवला. 

“म्हणूनच त भेव वाटून राह्यलं मले,” ती म्हणाली. “सकाळपावतर त्याले माह्यं नावबी मालूम नव्हतं.”