आधीच लिहिलेली बातमी

माझा थोरला भाऊ भोकरदनला शाळामास्तर होता आणि औरंगाबादच्या एका दैनिकाचा वार्ताहरही. त्याला जाऊन आता सव्वा वर्ष होईल. त्याच्याबद्दल लिहायला बसते आणि दर वेळी आधी एका परक्या माणसाबद्दल लिहावं लागतं, म्हणून हात थांबतो.

आमचा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात. आमच्या बातम्या एसटीनं औरंगाबादला जात. दुपारी तीनच्या गाडीच्या कंडक्टरकडं पाकीट द्यायचं, संध्याकाळी स्टँडवर पेपरचा माणूस ते उतरवून घ्यायचा. गाडी चुकली की बातमी शिळी. म्हणून संध्याकाळचे समारंभ वार्ताहर दुपारीच लिहून टाकत. पाहुण्यांची नावं पत्रिकेत असत, भाषणं ठरलेली असत, शेवटचं वाक्यही ठरलेलं, ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला.’ यात कोणाला खोटं वाटत नसे. स्टँडवरचा हॉटेलवाला चहा पुढं करताना दादाला म्हणायचा, “मास्तर, उद्या काय होऊन राह्यलंय ते आजच सांगा की. तुम्हाला तर बराबर माहीत असतंय.” दादा हसायचा. मीही हसायचे.

मोठ्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात, दुष्काळावर लिहायला, तो परका माणूस आला. जर्मनीत जन्मलेला, स्वित्झर्लंडमध्ये वाढलेला, तिथल्या एका पेपरात काम करणारा आणि कादंबऱ्या लिहिणारा. तहसील कचेरीतल्या कोणीतरी इंग्रजी येणारा माणूस म्हणून दादाचं नाव सुचवलं. शाळेला सुट्टी होती. मीही जालन्याच्या शाळेत शिकवायचे, सुट्टीला घरी आले होते. आठ दिवस तो आमच्या बौद्धवाड्यातल्या घरी अंगणात बाज टाकून राहिला. आईनं केलेल्या रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीला त्यानं नाव ठेवलं नाही. पाणी टँकरचं होतं, ते तो आमच्यासारखंच मोजून प्यायचा.

सकाळी उन्हं चढायच्या आधी दादा त्याला त्याच्या आयुष्याबद्दल विचारायचा आणि वहीत टिपून घ्यायचा. बाप लढाईत गेला तो परतला नाही. आई मूळची स्वित्झर्लंडची. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन ती माहेरी आली. शाळेत पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करत. चौदाव्या वर्षी तो छापखान्यात खिळे जुळवायला लागला, मग मुद्रितं तपासायला, मग लहान गावातल्या पेपरात मृत्युलेख लिहायला. पहिली कादंबरी त्यानं आपल्या जन्मगावावर लिहिली. युद्धात कोण गप्प बसलं, कोणी कोणाचं घर घेतलं, सगळं. पुढं तो गावी गेला तेव्हा सख्ख्या चुलतीनं दार उघडलं नाही. “मग पश्चात्ताप झाला का?” दादानं विचारलं. तो म्हणाला, “चुलतीची आठवण येते. पुस्तकाचा पश्चात्ताप होत नाही.” दादानं ते वाक्य दोनदा लिहून घेतलं. असला पत्रकार आपल्या अंगणात बसलाय, याचं त्याला फार अप्रूप होतं. त्यानं त्या माणसाच्या जीवनावर चाळीस पानांचा लेख लिहून पेपरला पाठवला. पेपरनं चार ओळी छापल्या, त्यातही देश चुकवला.

पाचव्या दिवशी हसनाबादच्या पुढं एका पाझर तलावाच्या कामावर मंत्री येणार होते. वेळ दुपारी बाराची. एरवी दादानं कार्यक्रम बघून, घरी येऊन, तीनच्या गाडीला बातमी दिली असती. पण पाहुण्याला दिवसभर कामावरच थांबायचं होतं, बायांशी बोलायचं होतं. म्हणून दादानं सकाळी सातलाच बातमी लिहिली, मजुरांनी मंत्र्यांचं स्वागत केलं, समाधान व्यक्त केलं, आणि ते शेवटचं वाक्य. पाकीट सकाळच्या गाडीनं रवाना झालं.

अकराच्या सुमाराला मुरमाच्या खाणीत दरड कोसळली. खालून पोखरून मुरूम काढत होते, वरचा थर लोंबकळत राहिला होता. खाली आमच्या वाड्यातली एक सून होती. लग्नाला दोन वर्षं झालेली. तिला काढलं तेव्हा संपलं होतं सगळं. बारा वाजता मंत्री आले, मांडवातच हार घेतले, वीस मिनिटांत गेले. खाणीकडं त्यांना कोणी नेलं नाही.

दादाला तिथून निघता आलं असतं. एक वाजला होता, हातात दोन तास होते. सायकलीवर भोकरदन गाठून नवी बातमी तीनच्या गाडीला देता आली असती, सकाळची थांबवा म्हणून चिठ्ठी देता आली असती. पण बाया रडत बोलत होत्या आणि पाहुणा लिहीत होता. मधे एकटा दादा होता. तो थांबला. प्रत्येक बाईचं प्रत्येक वाक्य त्यानं इंग्रजीत करून दिलं. मी शेजारी उभी होते. मीही त्याला जा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. त्या मुलीची सासू पेपर हातात धरूनच आमच्या दारात आली. तिला वाचता येत नव्हतं, कोणीतरी वाचून दाखवलं असणार.

“मास्तर,” ती म्हणाली, “माही सून कोनत्या उत्साहात मेली, तेवढं वाचून दाखव.”

दादा उंबऱ्यात उभा राहिला. आई म्हणाली, “आत्याबाई, बसा.”

“बसायला न्हाई आल्ते मी. त्या गोऱ्या साहेबाला तर लय सांगून राह्यला होता काल. आपल्या लोकायला सांगायला तोंड न्हाई का तुला?”

दादा औरंगाबादला गेला, खुलासा छापा म्हणाला. संपादकांनी चहा पाजला आणि सांगितलं, मंत्र्यांच्या दौऱ्याची बातमी मागं घेता येत नाही. मृत्यूची वेगळी बातमी द्या, बघू. ती त्यानं तीनदा पाठवली. आली नाही. मग त्यानं वार्ताहराचं काम सोडलं. वाड्यातली माणसं त्याला नमस्कार करायची, ‘जयभीम मास्तर’ म्हणायची, पण पूर्वीसारखं अर्ज लिहून घ्यायला कोणी घरी येईना.

पाहुण्याला सोडायला आम्ही दोघं जालना स्टेशनवर गेलो होतो. मी पाणी आणायला गेले तेव्हा ते दोघं बाकावर बसून बराच वेळ बोलत होते. परत आले तर पाहुणा वही पिशवीत ठेवत होता.

तीन वर्षांनी टपालानं जाड पुस्तक आलं. जर्मन भाषेतलं. पहिल्या पानावर दादाचं नाव घालून दोन ओळी इंग्रजीत, ‘ज्यानं मला सगळं सांगितलं त्याला.’ दादा ते पुस्तक रोज उघडायचा. कधी आपल्या गावाचं नाव दिसतंय का ते शोधायचा. शेवटी मला म्हणाला, “वाचून आण कोणाकडून तरी. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते बघ.”

औरंगाबादला एक निवृत्त प्राध्यापक होते, निजामाच्या काळात जर्मनीत शिकून आलेले. मी चार रविवार जालन्याहून आगगाडीनं त्यांच्याकडं गेले. ते वाचायचे आणि त्यांच्या दखनी वळणाच्या मराठीत सांगायचे. तिसऱ्या रविवारी ते थांबले, चष्मा काढला.

“बेटी, हा दुभाषी मास्तर तुमचा कोण?”

“भाऊ.”

“मंग ऐकायचं का बिलकुल सगळं?”

सगळं होतं. सकाळची गाडी, पाकीट, शेवटचं वाक्य. दोन तास असूनही न गेलेला माणूस. ती सून होती, तिच्या सासूचं बोलणं शब्दाशब्दानं होतं. मला इतका संताप आला की चौथ्या रविवारी मी शेवट नीट ऐकलाही नाही. आमच्या भाकरीवर आठ दिवस राहून यानं दादाला परक्या मुलखात चोरासारखं उभं केलं, एवढंच डोक्यात होतं. स्वतःच्या गावाला सोडलं नाही, आम्हाला काय सोडणार.

घरी येऊन मी दादाला सांगितलं, “चांगलं लिहिलंय. एक मास्तर आहे, दुष्काळात लोकांना मदत करतो.”

“अन् बातमीचं?”

“बातमीचं काही नाही.”

“त्या पोरीचं?”

एक खोटं बोलले होते, त्यामुळं दुसरंही बोलावं लागलं. “नाही. तसं काही नाही.”

मला वाटलं, त्याला सुटल्यासारखं वाटेल. तो खाली बसला. म्हणाला, “मीच सांगितलं होतं त्याला. स्टेशनवर. म्हटलं, आमच्या पेपरात येणार न्हाई, तू लिही, माझ्यासकट लिही.” मग म्हणाला, “त्यानं बी नाही लिहिलं.”

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी त्याला वाचवायला गेले होते, हे कबूल करायची लाज वाटली. उद्या सांगू, पुढच्या सुट्टीत सांगू, असं दोन वर्षं चाललं. पाहुण्याची पत्रं यायची; दादा ती न फोडता ठेवून द्यायचा. त्याला कावीळ झाली, औरंगाबादच्या घाटी दवाखान्यात नेलं, अकरा दिवसांत गेला. शेवटच्या दिवसांत तो शुद्धीवर होता. तेव्हाही मी सांगितलं नाही. आता कशाला त्रास, असं स्वतःला समजावलं.

दादाच्या नावानं पुण्यानुमोदनाची वंदना ठेवली, त्या दिवशी ती सासू आली. सगळे जेवून गेल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि तिला सगळं सांगितलं. तुमच्या सुनेचं मरण पुस्तकात छापलंय, तुमचं बोलणंही आहे, दादानंच लिहायला लावलं.

तिनं विचारलं, “छापलंय हे त्याला माहीत होतं?”

“नाही. मी सांगितलं नाही.”

तिनं पदर सावरला. मग उठली.

“मंग मला कशाला सांगून राह्यली, बाई,” ती म्हणाली. “त्याला सांगायचं होतं.”