खालून पाहिल्यास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट ठाऊक नाही.

सलीम रेडिओ दुरुस्त करायचा. उद्यमनगरात एका कारखान्याला लागून त्याचं एवढंसं दुकान. शिक्षण सातवी. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो — म्हणजे फळ्यावर. रविवारी आम्ही दोघं त्याच्या दुकानात काहीतरी जोडत बसायचो. ही शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट.

त्या वर्षी एक खेळण्याएवढी गाडी करायला घेतली होती. एक बटण दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. मोटर चालवायला सोळा पायांची एक आयसी, म्हणजे चिप, सलीमनं मुंबईहून मागवलेली. तिच्या पायांची आकृती एका मासिकात होती आणि वाचनालय मासिक घरी देत नसे. मी पट्टी-पेन्सिल घेऊन बसलो, सुबक उतरवून आणली.

शेजारचे कारखानदार अधूनमधून डोकावत. म्हणाले होते, "मिस्त्री, गाडी चालवून दाखवा. मशीनच्या नव्या कंट्रोल पॅनेलच्या कामाला तुम्हालाच घेतो." रेडिओ आता फारसे येत नव्हते. सलीमला ते काम हवंच होतं.

पहिली आयसी चटका बसेल इतकी तापली आणि गेली. त्यानं दोन रविवार शोधलं. सोल्डरचे टाके पुन्हा मारले, वायरी बदलल्या, मोटर बदलली, मीटर घेऊन तार न् तार तपासली. एकच गोष्ट तपासली नाही. "सर, तुमचा कागद हाय म्हटल्यावर त्यात काय बघायचं?"

मग वाचनालयात तेच मासिक पुन्हा हाती आलं. आकृतीखाली बारीक अक्षरात दोन शब्द होते — खालून पाहिल्यास. ते मी उतरवलेच नव्हते. म्हणजे आकृती आयसी पालथी धरून काढलेली; सरळ बसवली की डावे पाय उजवीकडे, उजवे डावीकडे. वायरी सगळ्या उलट्या पायांना.

दुसऱ्या दिवशी सांगायलाच गेलो होतो. खरंच. पण कारखानदार येऊन बसले होते. दुसरी आयसीही बसवून झाली होती. त्यांनी मलाच विचारलं, "सर, तुम्ही बघितलंय न्हवं सगळं?"

किती सोपं होतं! थांबा, माझं चुकलंय — एवढंच म्हणायचं. पण सातवी शिकलेल्या माणसासमोर, कारखानदारासमोर, 'सर' चुकले म्हणायचं?

मी म्हणालो, "हो."

सलीमनं माझ्याकडे बघून हसत बटण दाबलं. चाक हललं नाही. जळका वास आला. कारखानदार उठले, "तुमचा हात जड हाय, मिस्त्री, नाजूक कामाचा न्हवं," म्हणाले आणि गेले.

सलीमनं वाद घालायला हवा होता. घातला नाही. दुकान कायमचं बंद करून तो नेसरीला, गावी गेला. जाताना माझा कागद नीट घडी करून परत दिला. म्हणाला, "ठेवा. तुमच्या पोरास्नी शिकवायला हुईल."

पुढे वीस वर्षं होती. नेसरीची एसटी रोज सुटत होती. मी गेलो का? गेलो — त्याच्या मातीला. तिथं त्याचा भाऊ सांगत होता, गावाकडं आल्यावर सलीमनं साधा पंखासुद्धा कधी उघडला नाही. कुणी घेऊन आलं की म्हणायचा, माझा हात जड हाय.

त्याचा हात जड नव्हता.